मुंबईच्या गच्चीवरून आकाश बघायचंय? टेलिस्कोप सगळ्यात शेवटी घ्या

मुलाची दहावी झाली किंवा दिवाळीचा बोनस हातात आला की मुंबईतल्या बऱ्याच घरांत एक टेलिस्कोप येतो आणि दोन-तीन रात्रींनंतर कपाटावर जाऊन बसतो. कारण तो नेमका पौर्णिमेला गच्चीवर नेलेला असतो, समोरच्या टॉवरचा हॅलोजन थेट डोळ्यात येत असतो, चंद्र म्हणजे नुसता पांढरा गोळा दिसतो आणि शनी काही सापडतच नाही. मग घरात ठरून जातं की मुंबईतून काही दिसत नाही बाबा. असं अजिबात नाहीये. चंद्रावरचे खड्डे, गुरूचे चार चंद्र, शनीची कडी, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा चमकणारा ढग), हे सगळं मुंबईतून दिसतं, चुकतो तो फक्त क्रम. खाली तो क्रम सविस्तर लिहिलाय. एकही टप्पा गाळू नका, खास करून पहिले चार, त्यात पैसे जवळजवळ लागतच नाहीत आणि सगळ्यात जास्त लोक तेच गाळतात.

## टप्पा १: रात्र निवडा, आणि ती तिथी बघून निवडा

भिंतीवरचं मराठी कॅलेंडर हे तुमचं पहिलं साधन. एक तिथी म्हणजे आकाशात चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढतं, त्यामुळे तिथी कळली की चंद्र किती भरलेला असेल आणि साधारण कधी उगवेल-मावळेल हे आपोआप कळतं.

चंद्र बघायचा असेल तर शुक्ल चतुर्थी ते दशमी. संध्याकाळीच चंद्र चांगला वर असतो, अष्टमीला तर मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, म्हणजे ऑफिसातून येऊन जेवूनखाऊनही वेळ मिळतो.

तारे आणि नक्षत्रं बघायची असतील तर कृष्ण षष्ठीपासून अमावास्येपर्यंत, आणि नंतर शुक्ल तृतीयेपर्यंत. संकष्टीचा चंद्रोदय कॅलेंडरवर छापलेलाच असतो, तो साधारण नऊच्या आगेमागे असतो, आणि त्यानंतर रोज चंद्र सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे संकष्टीनंतर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळचे पहिले दोन-तीन तास पूर्ण बिनचंद्राचे मिळतात.

पौर्णिमा टाळा. ऐकायला विचित्र वाटेल पण चंद्र बघायला सगळ्यात वाईट रात्र पौर्णिमेचीच, का ते पुढे चंद्राच्या टप्प्यात येईल.

आता महिने. जून ते सप्टेंबर विसरा. ऑक्टोबरमध्ये पाऊस परतला की हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि माझ्या मते मुंबईतले सगळ्यात सुंदर दिवस हेच, फक्त ते थोडे असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ढग नसतात पण धुरकं असतं, ते क्षितिजाजवळ जास्त, डोक्यावर कमी, म्हणून थंडीत क्षितिजापासून ३० अंशांच्या वरचंच बघायचं ठरवा. मार्च ते मे चालतं, पण मे महिन्यात ढग यायला लागतात.

सावधान: लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं म्हणून खूप जण तीच रात्र निवडतात. चंद्र नसतो हे खरं, पण फटाक्यांचा धूर इतका असतो की आधीचे आणि नंतरचे एक-दोन दिवसही वाया जातात. तेव्हा तुळशीच्या लग्नापर्यंत थांबून त्यानंतरचा कृष्ण पक्ष धरा.

तपासा: संध्याकाळी खिडकीतून नेहमी दिसणारी सगळ्यात लांबची इमारत किंवा डोंगर बघा. त्याच्या कडा स्पष्ट दिसत असतील तर रात्र चांगली. नुसता राखाडी ठिपका दिसत असेल तर चंद्र-ग्रह बघा, ताऱ्यांचा नाद सोडा.

## टप्पा २: गच्चीची पाहणी दिवसा करा

आधी परवानगी. मुंबईत गच्चीची किल्ली वॉचमनकडे किंवा सेक्रेटरींकडे असते आणि रात्री दहाला अचानक मागितली की नाहीच म्हणणार, त्यात त्यांची चूक नाही. दोन ओळींचा अर्ज द्या, कोणत्या तारखा, किती वाजेपर्यंत, किती जण. कोजागिरीला सगळी सोसायटी दूध प्यायला गच्चीवर असतेच, तेव्हा सेक्रेटरी काकांना चार तारे दाखवून विषय काढला तर काम सोपं होतं. आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या लोकांचाही विचार करा. अंधारात कोणी दुर्बीण घेऊन उभं दिसलं की समोरच्या घरातल्यांना भलताच संशय येतो आणि तो यायलाच हवा. बायनॉक्युलर कायम आकाशाकडे, खाली आणताना गळ्यात, खिडक्यांच्या दिशेने क्षणभरही नको.

मग उजेड असताना गच्चीवर एक चक्कर मारा आणि हे बघून ठेवा:

१. पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिण नक्की कुठे. सूर्य मावळताना बघा, पश्चिम मिळाली की बाकीच्या आल्याच. मोबाइलच्या होकायंत्रावर एकट्यावर विसंबू नका, पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड, रेलिंग, स्लॅबमधल्या सळ्या यांच्याजवळ तो बिनधास्त २०-३० अंश चुकतो.

२. पायात येणारे पाइप, डिशच्या वायरी, लोखंडी खुंट. वर बघत मागे सरकायची सवय सगळ्यांना लागते. कठडा कमरेपेक्षा खाली असेल तर त्याच्यापासून दोन मीटर आत बसा, लहान मुलं बरोबर असतील तर हा नियम अजिबात मोडू नका.

३. कोणत्या दिव्याला कशाची आड मिळते. टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची सावली हीच तुमची जागा. सगळ्या गच्चीवर अंधार नसला तरी चालतं, तुमच्या डोळ्यात थेट दिवा येत नसला म्हणजे झालं.

४. लिफ्टची मशीन रूम कुठे आहे. तिच्यापासून लांब राहा, लिफ्ट सुरू झाली की टेलिस्कोपमधलं चित्र थरथरतं.

गच्ची मिळतच नसेल तरी अडत नाही. दक्षिणेकडची खिडकी असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत अगस्त्य आणि मे-जूनमध्ये वृश्चिकाचा आकडा मिळतो, पश्चिमेची असेल तर शुक्र आणि द्वितीया-तृतीयेची कोर. फक्त काच सरकवून बघा, काचेतून नाही, आणि खोलीतला दिवा बंद.

## टप्पा ३: डोळे अंधाराला सरावू द्या

हे सगळे वाचतात आणि कोणीच करत नाही. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यांना नीट सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि मोबाइलच्या स्क्रीनवर एक नजर टाकली की ते सगळं परत शून्यावर येतं. मुंबईत पूर्ण अंधार मिळत नाही म्हणून याचा उपयोग नाही असं नका समजू. पहिल्या पाच मिनिटांत जिथे सात-आठ तारे दिसतात तिथेच अर्ध्या तासाने त्याच्या कितीतरी पट दिसतात, स्वतः मोजून बघा.

काय करायचं: वर जाण्यापूर्वी व्हॉट्सॲप काय बघायचं ते बघून घ्या. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद दोन-तीन घड्या करून रबर बँडने लावा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. ॲप वापरायचं असेल तर त्यातला लाल नाइट मोड चालू करा आणि ब्राइटनेस अगदी खाली आणा. आजूबाजूचा उजेड फारच असेल तर डोक्यावरून गडद रंगाचा टॉवेल किंवा ओढणी घ्या, फरक लगेच कळतो.

सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासाने आकाश जेवढं काळं व्हायचं तेवढं होतं. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे सव्वासातला सुरुवात. पण स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि त्यातून वर येणारी गरम हवा चित्र हलवत राहते, त्यामुळे ग्रह बारकाईने बघायचे असतील तर नऊ-दहानंतर बघा.

सोबत चटई, पाणी, वही-पेन्सिल. डासांचं क्रीम लावणार असाल तर हात धुतल्याशिवाय कोणत्याही भिंगाला किंवा प्लॅस्टिकला हात लावू नका, त्यातली काही रसायनं प्लॅस्टिक आणि कोटिंग खराब करतात.

## टप्पा ४: पहिला महिना नुसत्या डोळ्यांनी

मुंबईच्या आकाशाचा एक फायदा कोणी सांगत नाही. गडद आकाशात इतके तारे असतात की नवखा माणूस गोंधळून जातो, इथे फक्त ठळकच उरतात, आणि शिकायचे असतात तेही ठळकच. त्यामुळे शिकण्यासाठी ही जागा चांगली आहे, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आधी माप शिका. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते, करंगळीची रुंदी १ अंश. मुंबई १९ अक्षांशावर आहे म्हणून ध्रुव तारा इथून उत्तर क्षितिजाच्या वर १९ अंशांवरच असतो, म्हणजे जेमतेम दोन मुठी. बरेच जण तो डोक्याजवळ शोधतात आणि सापडला नाही की वैतागतात. उत्तरेला उंच इमारत असेल तर तो दिसणारच नाही, सोडून द्या, त्याच्यावाचून सगळं शिकता येतं.

थंडीत सुरुवात मृगापासून करा. जानेवारीत रात्री नऊला आग्नेयेकडे चांगला वर येतो. चार तारे चौकोनात आणि मध्ये एका ओळीत तीन, तो त्रिकांड बाण. हे तीन सापडले की बाकीचं आकाश त्याच ओळीने उलगडतं. बाणाची रेषा खाली वाढवा, आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा लागतो, तो व्याध, ज्याने बाण मारला तो. तीच रेषा वर वाढवा, तांबूस रोहिणी, आणि तशीच आणखी पुढे गेली की कृत्तिकांचा छोटा पुंजका. हरणाच्या चार पायांपैकी एक तांबूस आहे, तो काक्षी, म्हणजे बेटलज्यूज, आणि कर्णात समोरचा निळसर पांढरा, तो राजन्य, म्हणजे रायजेल. रंग दिसत नाही म्हणणाऱ्यांनी आधी एकाकडे, मग लगेच दुसऱ्याकडे बघायचं, तुलनेत रंग कळतो.

एप्रिल-मेमध्ये सुरुवात करताय तर सप्तर्षी घ्या. शेपटीच्या कमानीची वळणदार रेषा तशीच पुढे नेली की नारिंगी स्वाती आणि त्याच वळणाने आणखी पुढे पांढरी चित्रा. ऑक्टोबरात सुरुवात असेल तर पश्चिमेकडचा अभिजित-श्रवण-हंस हा मोठा त्रिकोण आणि डोक्याजवळ महाश्वाचा चौकोन. एका रात्री एकच नक्षत्र शिका, दुसऱ्या रात्री ते ॲपशिवाय परत शोधा आणि मगच पुढचं.

तिरकी नजर पण याच महिन्यात शिकून घ्या. अंधुक वस्तूकडे थेट न बघता तिच्या जरा बाजूला बघायचं, कारण डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेचा भाग मंद उजेड जास्त पकडतो. कृत्तिकांवर प्रयोग करा, थेट बघताना धुरकट ठिपका आणि बाजूला बघताना सुटे तारे दिसायला लागतात.

ग्रह कसे ओळखायचे? तारे लुकलुकतात, ग्रह बहुतेक वेळा स्थिर दिसतात, आणि सगळे ग्रह राशींच्या पट्ट्यातच असतात. पंचांगात गुरू मिथुनेत लिहिलं असेल तर आकाशातही तो मिथुन राशीच्या ताऱ्यांमध्येच किंवा अगदी जवळपास सापडतो, त्यामुळे घरात पंचांग असेल तर त्याचा असा सरळ उपयोग करा. क्षितिजाजवळ लाल-हिरवा-निळा चमकणारा तेजस्वी ठिपका दिसला तर तो ड्रोन वगैरे नाही, बहुतेक वेळा व्याधच असतो, जाड हवेतून येताना त्याचा प्रकाश तसा फुटतो.

सावधान: तारे दाखवायला हिरवं लेझर वापरू नका. मुंबईवरून सतत विमानं उतरत असतात, वैमानिकाच्या डोळ्यावर ते गेलं तर काय होईल याचा विचार करा. बोट पुरतं.

तपासा: महिन्याच्या शेवटी ॲप न उघडता पाच तारे आणि दोन नक्षत्रं कोणालातरी दाखवता येताहेत का? येत नसतील तर पुढचा टप्पा पंधरा दिवस लांबवा.

## टप्पा ५: बायनॉक्युलर, आणि ती घेताना दुकानातच तपासा

१०×५० घ्या. यातला १० म्हणजे किती पट मोठं दिसतं, ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ७×५० गावाकडे चांगली, पण शहरात तिच्यातून आकाश जास्त उजळ दिसतं, १० पटीत ते जरा काळं होतं. झूमवाली घेऊ नका. लाल चमकणाऱ्या काचांचीही घेऊ नका, ती नुसती दिसायला भारी असते.

दुकानात या गोष्टी करा, लाजू नका:

१. पुढच्या भिंगात दुकानातल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. हिरवट किंवा जांभळट मंद दिसलं तर कोटिंग आहे, पांढरं लख्ख दिसलं तर नाही.

२. हातभर लांब धरून उजेडाकडे करा आणि डोळ्याच्या बाजूच्या भिंगातलं उजेडाचं वर्तुळ बघा. पूर्ण गोल हवं, कडा कापल्यासारखी चौकोनी नको.

३. दाराबाहेर येऊन लांबच्या इमारतीची उभी कड बघा. दोन कडा दिसत असतील किंवा मिनिटभरात डोळे दुखायला लागले तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत, दुसरी मागा.

४. मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, जुन्या मालात सर्रास असते.

फोकस करण्याचा क्रम बहुतेक जण चुकवतात आणि मग सगळे तारे फुगलेले दिसतात. आधी दोन नळ्यांमधलं अंतर डोळ्यांइतकं करा, दोन गोल मिळून एक दिसेपर्यंत. व्याधासारखा ठळक तारा धरा. उजव्या बाजूचं भिंग झाकून डाव्या डोळ्याने मधलं चाक फिरवा, तारा टोकदार होईपर्यंत. मग डावं झाका आणि उजव्या डोळ्याजवळची रिंग फिरवा, आता मधल्या चाकाला हात लावायचा नाही. रिंग कुठल्या आकड्यावर आली ते वहीत लिहून ठेवा, तुमच्यासाठी ती कायम तिथेच राहणार, पुढे फक्त मधलं चाक.

उभं राहून हातात धरून बघाल तर सगळं नाचतं. चटईवर आडवे व्हा, किंवा हातांच्या खुर्चीत बसून कोपरं टेकवा.

आता बघा: त्रिकांडाच्या खाली लोंबणाऱ्या तीन ताऱ्यांपैकी मधला, तिथे धुरकट डाग दिसतो तो मृगातला तेजोमेघ, तिरकी नजर वापरली की पसरट होतो. कृत्तिका, एकदम भरून येतात. कर्क राशीतलं पुष्य, नुसत्या डोळ्यांना मुंबईत काहीच दिसत नाही आणि बायनॉक्युलरमध्ये अख्खा ताऱ्यांचा थवा. सप्तर्षींमधले वसिष्ठ-अरुंधती, शहरात अरुंधती डोळ्यांना सापडणं कठीण पण इथे स्वच्छ दोन तारे. आणि गुरू, कोपर नीट टेकवलं तर त्याच्या बाजूला एका रेषेत दोन-तीन-चार बारीक ठिपके, ते त्याचे चंद्र, दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या असतात.

सावधान: सूर्याकडे बायनॉक्युलर किंवा टेलिस्कोप कधीच नाही, मावळतीच्या सूर्याकडेसुद्धा नाही. क्षणात कायमचं अंधत्व येऊ शकतं. दिवसा भिंगांवर झाकणं लावून ठेवा, घरात मुलं असतील तर बंद कपाटात.

सावधान: एसीच्या खोलीतून थेट गच्चीवर नेऊ नका. गार काचेवर मुंबईची दमट हवा लगेच पाणी धरते. बॅगेतच अर्धा तास बाहेर राहू द्या, मग उघडा. पुसत बसू नका, आपोआप सुकतं.

## टप्पा ६: चंद्र, पण तिथीप्रमाणे

पौर्णिमेला सूर्याचा उजेड चंद्रावर समोरून पडतो, सावल्या नसतात, म्हणून खड्डे दिसत नाहीत. अर्धवट चंद्रावर उजेड आणि अंधार यांची जी सीमा असते तिथे सूर्य नुकताच उगवत असतो, सावल्या लांब पडतात आणि खड्डे खोल दिसतात. रोज ही सीमा सरकते, म्हणून रोज वेगळं दिसतं. बघायचं ते त्या सीमेवरच.

शुक्ल षष्ठीच्या आसपास सीमेजवळ तीन मोठे खड्डे एकाखाली एक दिसतात, थिओफिलस, सिरिलस, कॅथरिना. दशमीच्या सुमारास कोपर्निकस उजेडात येतो, त्याच्या कड्याला ऊन लागलेलं आणि तळ अजून काळाकुट्ट, तासाभराने परत बघितलं तर तो काळा भाग कमी झालेला जाणवतो. बायनॉक्युलरमध्ये हे खड्डे बारीक दिसतात, टेलिस्कोपमध्ये अगदी आत उतरल्यासारखं वाटतं. शुक्ल तृतीया-चतुर्थीला चंद्राचा न उजळलेला भागही राखाडी दिसतो, तो पृथ्वीवरून परतलेला उजेड, तो अवश्य बघा.

## टप्पा ७: आता टेलिस्कोप

डब्यावर ५२५ पट असं लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. उपयोगाची जास्तीत जास्त पट म्हणजे भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरची दुप्पट, म्हणजे ७० मिलिमीटरला १४०, आणि मुंबईच्या हवेत बऱ्याच रात्री तेवढीही पेलत नाही. बघायचा तो व्यास आणि बघायचा तो स्टँड. बारीक पायांचा डगमगता स्टँड चांगल्या भिंगालाही निरुपयोगी करतो. मुंबईच्या घरात मला दोनच पर्याय पटतात: ७० ते ८० मिलिमीटरचा भिंगांचा, साध्या वर-खाली, डावी-उजवी फिरणाऱ्या स्टँडवर, किंवा टेबलावर ठेवायचा ११४ ते १३० मिलिमीटरचा आरशाचा डॉब्सोनियन, म्हणजे तिपाईऐवजी साध्या फिरत्या बैठकीवर बसणारा. सहा-आठ इंची मोठा डॉब्सोनियन जास्त दाखवतो यात शंका नाही, पण लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते आणि पुढे एक जिना चढवायचा असतो, आणि वन बीएचकेमध्ये तो ठेवणार कुठे हे आधी ठरवा. जो सहज उचलून वर नेता येतो तोच वापरला जातो.

पहिल्या रात्रीआधीचं काम दिवसा करायचं, सूर्य पाठीमागे असताना. एक-दोन किलोमीटरवरच्या मोबाइल टॉवरचं किंवा बांधकामाच्या क्रेनचं टोक टेलिस्कोपमध्ये मधोमध आणा, सगळ्यात कमी पटीच्या आयपीसने (आयपीस म्हणजे डोळ्याजवळचं, बदलता येणारं भिंग). मग वरच्या छोट्या फाइंडरचे, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीचे, स्क्रू फिरवून त्यातही तेच टोक मधोमध आणा. हे न करता रात्री शनी शोधायला गेलात तर तास जाईल आणि सापडणार नाही. चित्र उलटं किंवा डावं-उजवं दिसलं तर बिघाड नाही, तसंच असतं.

रात्री हा क्रम:

१. टेलिस्कोप अर्धा तास आधी गच्चीवर ठेवा, त्याचं आणि हवेचं तापमान सारखं होऊ दे.

२. स्टँड स्लॅबच्या मधोमध नको, खांबाच्या किंवा बीमच्या जवळ ठेवा, तिथे हादरे कमी. बघणारा सोडून बाकीच्यांनी फिरायचं नाही.

३. सुरुवात नेहमी मोठ्या आकड्याच्या आयपीसने. किती पट दिसेल ते असं काढा: टेलिस्कोपची फोकल लांबी भागिले आयपीसची (दोन्ही मिलिमीटरमध्ये, त्यांच्यावर लिहिलेल्या असतात), म्हणजे ७०० ला २५ ने भागलं की २८ पट, १० ने भागलं की ७० पट. आधी २८ ला वस्तू मधोमध आणा, फोकस करा, मगच आयपीस बदला.

४. पहिलं लक्ष्य चंद्र, दुसरं गुरू, मग शनी. ७० पटीला गुरूवर दोन फिकट पट्टे दिसतात, शनीची कडी २५-३० पटीपासूनच वेगळी जाणवते. २०२५ च्या मार्चमध्ये ती कडी आपल्या बाजूने अगदी काठावर आली होती, आता ती हळूहळू उघडत आहेत, त्यामुळे जुन्या फोटोंइतकी रुंद दिसली नाहीत तर टेलिस्कोपला दोष देऊ नका.

५. ७० पटीला ग्रह तीनेक मिनिटांत दिसण्याबाहेर सरकतो, कारण पृथ्वी फिरते. स्टँड हलकेच सरकवत राहा, आणि तो कोणत्या बाजूला सरकतो हे लक्षात ठेवून त्याला कडेला आणून सोडलात तर मधून जाताना निवांत बघता येतं.

एका ग्रहाला निदान पंधरा मिनिटं द्या. हवा सतत हलत असते, मध्येच सेकंद-दोन सेकंद स्थिर होते आणि तेवढ्यात बारकावे दिसून जातात, ते पकडायला डोळा तिथेच लागतो. सात जण रांगेत आणि प्रत्येकाला दहा सेकंद, यात कोणालाच काही दिसत नाही.

## टप्पा ८: वही आणि गावाबाहेरची एक रात्र

प्रत्येक बैठकीनंतर चार ओळी: तारीख, तिथी, वेळ, हवा कशी, काय दिसलं. गुरूच्या चंद्रांसाठी एक गोल आणि बाजूला ठिपके काढा, चार-पाच रात्रींच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्या की ते फिरताहेत हे स्वतःच्या कागदावर दिसतं.

दोन-तीन महिने झाले की एकदा अमावास्येच्या आसपास शहराबाहेर जा. पहिल्यांदा एकटे जाऊ नका. खगोल मंडळ या हौशी आकाशप्रेमींच्या संस्थेचे वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात, कर्जत लोकलने जाता येतं, आणि तिथे जाणकारांच्या शेजारी बसून वेगवेगळे टेलिस्कोप वापरून बघता येतात, म्हणून टेलिस्कोप विकत घ्यायच्या आधी ही रात्र झाली तर उत्तमच. वरळीचं नेहरू तारांगण पावसाळ्यात उपयोगी, बाहेर ढग असले तरी नक्षत्रांच्या जागा पक्क्या करता येतात. आणि गावाबाहेर गेल्यावर गोंधळू नका, इतके तारे दिसतात की ओळखीचा मृगही दोन मिनिटं हरवतो, आधी त्रिकांड शोधा.

## टप्पा ९: पावसाळ्याआधी सामान बंद करा

मुंबईत टेलिस्कोप आणि बायनॉक्युलर पडून फुटण्यापेक्षा बुरशीने जास्त खराब होतात. मे संपायच्या आत सगळं कोरड्या दिवशी बाहेर काढून सावलीत तासभर हवेला ठेवा. भिंगावरची धूळ फक्त फुंकणीच्या रबरी बल्बने उडवा, शर्टाच्या टोकाने पुसू नका, तोंडाने फुंकर नको, थुंकीचे कण बसतात. मग घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. सोबत मिळालेल्या कापडी किंवा चामडी पाऊचमध्ये ठेवू नका, ते ओल धरतं. दर पंधरा दिवसांनी पुड्या बघा, रंग बदलला असेल तर कढईत मंद आचेवर कोरड्या करून, पूर्ण गार झाल्यावर परत टाका, आणि त्याच वेळी भिंगातून टॉर्च मारून बघा. जाळं दिसायला लागलं तर स्वतः उघडू नका, कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडे लगेच न्या, सुरुवातीला ते निघतं, काचेचं कोटिंग खाल्लं की निघत नाही.